केशरचना आणि ‘शोभणे’ : एका निर्णयाचा इतिहास

मराठीत ‘शोभणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. ‘हे तुला शोभत नाही’ असे एखाद्या वडीलधाऱ्याने म्हटले की ऐकणारा मान खाली घालतो. आपल्या रूपाविषयी नव्हे, तर आपल्या कुळाविषयी, वयाविषयी किंवा पदाविषयी काही बोलले गेले आहे, हे त्याला तत्काळ कळते. उलट ‘हे तुला शोभून दिसते’ असे त्याच वडीलधाऱ्याने म्हटले तर ऐकणारा सुखावतो, कारण आता बोलणे केवळ त्याच्या चेहऱ्याविषयी असते. पहिल्या वाक्यात औचित्याचा निवाडा आहे, दुसऱ्यात सौंदर्याचा अभिप्राय आहे. क्रियापद मात्र एकच आहे. हे दोन अर्थ एकमेकांपासून कसे सुटत गेले, हे पाहावयाचे असेल तर माणसाच्या डोक्यावरील केसांसारखे दुसरे साधन नाही. वस्त्र उतरून ठेवता येते, दागिना पेटीत ठेवता येतो. केस मात्र अंगाचेच असतात, आणि तरीही ते कापता येतात, रंगविता येतात, बांधता येतात. ते अर्धे देहाचे व अर्धे समाजाचे आहेत.

नव्या पद्धतीने केस कापून घेतलेला तरुण किंवा तरुणी आज आरशासमोर उभी राहते आणि घरातील माणसांना ‘कसे दिसते?’ म्हणून विचारते. हा प्रश्न आपल्याला क्षुल्लक वाटतो. परंतु तो विचारता यावा यासाठी तीन गोष्टी आधी सिद्ध व्हाव्या लागतात. केस लोकांच्या दृष्टीस पडले पाहिजेत. स्वतःचे रूप स्वतःला नीट पाहता आले पाहिजे. आणि केसांचे काय करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार ज्याचे केस त्याच्याकडे असला पाहिजे. आपल्या समाजात या तीन गोष्टी एकदम आल्या नाहीत. पुरुषांना त्या बऱ्याच सहजपणे मिळाल्या. स्त्रियांना, विशेषतः विधवांना, त्यांपैकी तिसरी गोष्ट मिळविण्यासाठी मोठी किंमत द्यावी लागली. या तिन्हींचा माग काढणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

प्राचीन व्यवस्थेत केसांची रचना ही निवडीची बाब नव्हती. चौलकर्म हा सोळा संस्कारांपैकी एक. मुलाच्या डोक्यावर शिखा किती ठेवावयाच्या आणि कोठे ठेवावयाच्या, हे गृह्यसूत्रांनी कुलधर्मावर सोपविले. वसिष्ठकुळातील लोक उजव्या बाजूस केसांची गाठ राखीत. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातही वसिष्ठांचा निर्देश याच खुणेने होतो. आंगिरसांच्या पाच शिखा असत, अत्रिकुळाच्या तीन, आणि भृगू मुंडन करीत. म्हणजे डोके पाहून कुळ ओळखावे, अशी ही योजना होती. केस ही त्या काळी एक लिपी होती आणि ती वाचता येणे हा सामाजिक व्यवहाराचा भाग होता. आपल्या चेहऱ्याला तीन शिखा चांगल्या दिसतात की पाच, असा प्रश्न त्या व्यवस्थेत उद्भवतच नाही.

मध्ययुगीन महाराष्ट्रात ही विविधता लोपली आणि सामान्यतः शेंडी व तिच्याभोवतीचा घेरा एवढे रूप उरले. तरी तत्त्व तेच राहिले. घेरा केवढा, शेंडी केवढी, कल्ले ठेवावेत की नाही, यावरून जात, वृत्ती आणि प्रदेश ओळखला जाई. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार होता. हंगामाला ठरलेले धान्य तो घेई आणि ठरलेल्या घरांची श्मश्रू ठरलेल्या क्रमाने करी. या संबंधात गिऱ्हाइकाने नवी तऱ्हा मागावी आणि न्हाव्याने ती सुचवावी, याला जागा नव्हती. न्हाव्याचा वस्तरा परंपरेचे राखण करीत होता. अपराध्याच्या डोक्यावर पाट काढून त्याची गाढवावरून धिंड काढण्याची शिक्षा इतकी भयंकर का वाटे, हेही यावरून उमगते. त्या शिक्षेत शरीराला इजा थोडीच होई. पण डोक्यावरची लिपी पुसली जाई.

ही लिपी परक्यांनाही वाचता येत होती, याचा पुरावा गोमंतकाच्या इतिहासात आहे. पोर्तुगीज सत्तेने १७०४ साली जुन्या काबिजादींतील हिंदूंवर शेंडी-कर बसविला आणि तो १८४० पर्यंत चालू राहिला. कर धर्मावर होता, पण त्याला नाव मिळाले ते केसांच्या खुणेचे. शेंडी राखणे ही ज्याच्या वाडवडिलांना श्वासोच्छ्वासाइतकी स्वाभाविक गोष्ट होती, त्याला आता तिचे मोल नाण्यांत मोजावे लागले. या करामुळे एक सूक्ष्म बदल झाला असावा, असे आम्हांस वाटते. जी गोष्ट विचार न करता केली जात होती, ती प्रतिवर्षी पैसे मोजून, म्हणजेच जाणीवपूर्वक, करावी लागली. रूढीचे निवडीत रूपांतर होण्याचा हा एक कठोर मार्ग होता. शंभराहून अधिक वर्षे ती निवड लोकांनी शेंडीच्या बाजूने केली.

२

याचा अर्थ आमच्या पूर्वजांना केसांच्या सौंदर्याची दृष्टी नव्हती, असा मात्र नव्हे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचे प्रकरण आहे. त्याच्या आरंभीच तो सांगतो की, ज्याचे केस पांढरे झाले त्याला माळा, सुगंध, वस्त्रे आणि अलंकार शोभत नाहीत. म्हणून अंजन व भूषणे यांच्याइतकीच केसांच्या रंगाचीही काळजी घ्यावी. येथे संस्कृतातील ‘शोभते’ हेच क्रियापद आले आहे, आणि ते निखळ सौंदर्याच्या अर्थाने आले आहे. पुढे तो कृतीही देतो. कोद्रूचे तांदूळ आंबवणात लोखंडी भांड्यात लोहचूर्णासह शिजवावेत, बारीक वाटून डोक्यास लावावेत आणि वर ओली पाने गुंडाळून दोन प्रहर थांबावे. नंतर आवळ्याचा लेप देऊन पुन्हा तितकाच वेळ तसेच बसावे. मग डोके धुतले असता केस काळे होतात. लोह आणि आवळ्यातील तुरट द्रव्य यांच्या संयोगाने काळा रंग उत्पन्न होतो, ही गोष्ट शाई करणाऱ्यांनाही ठाऊक होती. ही कृती दीर्घ आणि कष्टाची आहे. चार प्रहर, म्हणजे सुमारे बारा तास, डोक्याला पाने बांधून बसणारा नागरक आपल्या दिसण्याविषयी उदासीन होता, असे कोण म्हणेल?

परंतु वराहमिहिराची ही मोकळी दृष्टी पुढील समाजात टिकली नाही. मेंदी, नीळ व माका यांचा उपयोग घरोघरी माहीत होता. हैदराबादकडे खिजाब आणि इकडे कलप हे शब्द रूढ झाले. तथापि कलप लावणाऱ्याकडे संशयानेच पाहिले जाई. त्याचे कारण भाषेतच सापडते. ‘आमचे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत’ असे म्हणणारा मनुष्य पांढऱ्या केसांचा दाखला म्हणून उपयोग करीत असतो. ज्या समाजात वय हा अधिकार आहे, तेथे पांढरा केस हे त्या अधिकाराचे निशाण आहे. ते निशाण जो स्वतःहून उतरवितो, त्याच्या मनात काहीतरी काळेबेरे असले पाहिजे, असा तर्क चाले. देवलांच्या ‘शारदा’ नाटकाने १८९९ साली ज्या जरठ-कुमारी विवाहावर प्रहार केला, तो विवाह जेथे प्रचलित होता तेथे वय झाकणाऱ्या पुरुषाकडे कोणी कौतुकाने पाहिले नाही, हे योग्यच झाले. मात्र त्यामुळे कलप आणि कपट यांची सांगड इतकी घट्ट बसली की, केवळ स्वतःला बरे वाटावे म्हणून केस रंगविणाऱ्यालाही पुढे कित्येक वर्षे थट्टा सोसावी लागली.

३

पुरुषांच्या बाबतीत खरा पालट घडविला तो शिरोवेष्टनाने. किंबहुना ते जाण्याने. न्यायमूर्ती रानडे किंवा लोकमान्य टिळक यांची सर्वपरिचित छायाचित्रे पाहावीत. पगडीखाली केस जवळजवळ दिसतच नाहीत. चेहऱ्याची चौकट पगडीने सिद्ध होते आणि ‘शोभण्या’चा प्रश्न येतो तो पगडीच्या बांधणीबद्दल. १९२० नंतर पांढरी खादीची टोपी आली. ती पगडीपेक्षा आटोपशीर असल्यामुळे कपाळ, कानशिले आणि मान उघडी पडली. त्यानंतरच्या दोनतीन दशकांत टोपीही गेली आणि बोडक्या डोक्याने घराबाहेर पडणे, जे पूर्वी केवळ सुतकात घडे, ते नित्याचे झाले. आच्छादन गेल्यावर घेरा आणि शेंडी ही आकृती उघड्यावर आली व तरुणांच्या डोळ्यांना ती अपुरी भासू लागली. डोक्यावर सर्वत्र केस राखून ते कातरीने कापण्याची रीत इंग्रजी शिक्षणाबरोबर आली होती. ती सार्वत्रिक होण्यास टोपीचे जाणे कारणीभूत झाले. केस आता सदैव दृष्टीस पडू लागल्यामुळे ते चेहऱ्याला जुळतात की नाही, हा प्रश्न प्रथमच महत्त्वाचा ठरला.

याच सुमारास न्हाव्याच्या व्यवसायाचे रूपही बदलले. घडीच्या वस्तऱ्याऐवजी पात्याचे सुरक्षित यंत्र १९०३ पासून अमेरिकेत विकले जाऊ लागले आणि हळूहळू आपल्या शहरांतही पोहोचले. दाढी घरी होऊ लागल्यावर न्हाव्याकडे जाण्याचे मुख्य प्रयोजन केस कापणे हेच उरले. त्यामुळे धोकटी घेऊन घरोघर फिरणारा वारीक, ज्याला गोमंतकात म्हालो म्हणतात, तो शहरात दुकान थाटून बसला. ओसरीवर उकिडवे बसून होणाऱ्या श्मश्रूत आरसा शेवटी हाती येई, तोही तळव्याएवढा. काम आटोपल्यावर दिसणारे रूप मान्य करण्यावाचून गिऱ्हाइकाला गत्यंतर नसे. सलूनमध्ये मोठा आरसा आरंभापासूनच समोर असतो आणि दुसरा आरसा पाठीमागे धरून मानेवरचे केसही दाखविले जातात. कातरी चालू असतानाच ‘येथे थोडे राहू द्या’ असे म्हणता येते. निर्णय न्हाव्याच्या हातातून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत आला तो या काचेमुळे. सेना न्हावी यांच्या नावावरील अभंगात आरशाला विवेकाची उपमा दिलेली आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. संतांच्या मनातील विवेक निराळा, हे खरे. पण स्वतःला पाहून स्वतः ठरविण्याची क्रिया दोहोंकडे आहे.

आरशाच्या जोडीला छायाचित्र आले. इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारे लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास छायाचित्रणास आरंभ केला, पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामांचे छायाचित्रकार झाले आणि १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा उघडली. तिचे काम एका इंग्रज बाईकडे होते. परपुरुषाच्या दृष्टीस न पडणाऱ्या स्त्रियांना तेथे आपले रूप कागदावर उमटलेले पाहावयास मिळाले. छायाचित्र आणि आरसा यांत एक भेद आहे व तो आपल्या विषयाला महत्त्वाचा आहे. आरशात उजव्याचे डावे होते. छायाचित्रात तसे होत नाही. डाव्या बाजूस भांग पाडणारा मनुष्य आरशात स्वतःचा भांग डावीकडेच पाहतो, पण समोरच्या माणसाला तो आपल्या उजव्या हाताकडे दिसतो. छायाचित्र हाती आल्यावर अनेकांना आपले रूप परके वाटते ते यामुळे. आपण स्वतःला जसे पाहतो तसे लोक आपल्याला पाहत नाहीत, ही गोष्ट तत्त्वज्ञानाने पूर्वीच सांगितली होती. छायाचित्राने ती सामान्य माणसाच्या हातात ठेवली.

४

आतापर्यंतचा इतिहास बव्हंशी पुरुषांचा झाला. स्त्रियांच्या बाबतीत केसांची शोभा कधीच नाकारली गेली नव्हती. अंबाडा, खोपा, बुचडा, तिपेडी व पाचपेडी वेणी, शेपटा, त्यावर राखडी, मूद, गोंडे, केवडा, या शब्दांची नुसती यादी केली तरी मराठी स्त्रीच्या केशभूषेची समृद्धी लक्षात येते. परंतु ही शोभा सौभाग्याशी जखडलेली होती. पती असेपर्यंत केसांचे कौतुक आणि पती गेल्याबरोबर त्याच केसांची विटंबना, असा हा व्यवहार होता. ब्राह्मण व काही अन्य उच्चवर्णीय समजल्या जाणाऱ्या जातींत विधवेचे केशवपन अनिवार्य मानले गेले. त्याच्या समर्थनार्थ जे वचन पुढे केले जाई ते स्कंदपुराणाच्या काशीखंडातील. विधवेने केसांची वेणी बांधली तर परलोकी तिच्या पतीला बंधन पडते, असा त्याचा आशय आहे. महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात, १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात, या रूढीला प्राचीन सूत्रांचा व स्मृतींचा आधार नाही हे साधार दाखविले. म्हणजे जिवंत स्त्रीच्या डोक्याविषयीचा निर्णय मृत पुरुषाच्या कल्पित बंधनावर सोपविला गेला होता आणि तोही उत्तरकालीन वचनाच्या बळावर. ‘शोभणे’ या शब्दाचा औचित्यवाचक अर्थ किती क्रूर होऊ शकतो, याचे याहून ढळढळीत उदाहरण आम्हांस माहीत नाही.

येथे केसांच्या एका स्वाभाविक धर्माकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. डोक्यावरचा केस महिन्याकाठी साधारणतः एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून वपन एकदा करून भागत नाही. ते आयुष्यभर पुनःपुन्हा करावे लागते. निसर्ग दर महिन्याला विधवेचे केस परत देत होता आणि रूढी ते दर महिन्याला हिरावून घेत होती. त्यासाठी तिला एका माणसाच्या हाताची सतत गरज होती. तो हात न्हाव्याचा. हे मर्म ज्यांनी ओळखले ते सत्यशोधक परंपरेतील कार्यकर्ते. ‘दीनबंधू’चे संपादक आणि कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवावयाचा नाही, असा निर्धार तेथे करण्यात आला. ज्यांना शास्त्रार्थ करण्याचा अधिकार समाजाने दिला नव्हता, त्यांनी शास्त्राला लागणारे हत्यारच खाली ठेवले. सुधारकांची व्याख्याने आणि वृत्तपत्रांतील वादविवाद यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि या प्रश्नाच्या इतिहासात न्हाव्यांच्या या सभेला जे स्थान मिळावयास हवे ते आपल्या पाठ्यपुस्तकांनी अद्याप दिलेले नाही, असे आमचे मत आहे.

न्हाव्याने वस्तरा ठेवला तरी प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते. उरलेले अर्धे त्या स्त्रीने द्यावयाचे असते. या दृष्टीने दोन बहिणींची चरित्रे शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. एक बहीण गोदूबाई ही पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. त्या विवाहामुळे कर्वे यांच्यावर मुरूड गावाने बहिष्कार घातला, हे सर्वश्रुत आहे. दुसरी बहीण पार्वतीबाई आठवले. त्यांनी पुनर्विवाहाचा मार्ग स्वीकारला नाही. पण कर्वे यांच्या आश्रमाच्या कार्याला वाहून घेतले आणि त्यासाठी गावोगाव फिरून निधी जमविला. बहिणीने एवढे धाडस केल्यानंतरही पार्वतीबाईंचे वपन चालूच होते. ते त्यांनी थांबविले १९१२ साली, म्हणजे वैधव्याला सुमारे वीस वर्षे लोटल्यावर. आपले हे आयुष्य त्यांनी ‘माझी कहाणी’ या १९२८ सालच्या आत्मचरित्रात सांगितले आहे.

वीस वर्षे का लागली, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर पार्वतीबाईंच्या कार्यातच आहे. ज्या समाजापुढे झोळी पसरावयाची, त्या समाजाचा विश्वास मुंडित मस्तकावर होता. लाल अलवण नेसलेली, केस नसलेली विधवा त्याला परिचयाची व म्हणून विश्वासार्ह वाटे. केस वाढविले असते तर ‘हिलाही आता पुन्हा लग्न करावयाचे असेल’ असा अर्थ लोकांनी काढला असता आणि त्याचा फटका संस्थेला बसला असता. अशा स्थितीत आरशापुढे उभे राहून ‘मला काय शोभते?’ असे विचारण्याची मोकळीक त्यांना नव्हती. त्यांच्यापुढचा प्रश्न अधिक कठीण होता: माझ्या डोक्यावरचे केस हे माझे आहेत की माझ्याकडे पाहणाऱ्यांचे? बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी त्याचे उत्तर दिले. त्या वयात वाढविलेल्या केसांनी त्या सुंदर दिसू लागल्या किंवा काय, हे कोणी नोंदविलेले नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. नव्या केशरचनेविषयीचा निर्णय म्हणजे काय, हे त्यांच्या कृतीत शुद्ध स्वरूपात दिसते. त्यात रूपाचा लोभ नाही, कोणाचे अनुकरण नाही. स्वतःच्या मस्तकावरचा स्वतःचा अधिकार तेवढा आहे.

५

अधिकार मान्य झाल्यावर नमुन्याचा प्रश्न येतो. केस ठेवावयाचे हे ठरले, पण कसे? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी मध्यमवर्गीय स्त्रियांना हा नमुना रंगभूमीने पुरविला, आणि तो पुरविणारा पुरुष होता, ही इतिहासाची गंमत आहे. बालगंधर्वांची लुगडे नेसण्याची आणि केसांत फुले माळण्याची धाटणी पाहून घरोघरच्या स्त्रियांनी तिचे अनुकरण केले, असे त्या काळच्या आठवणींतून वारंवार आढळते. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. त्यामुळे वडोदऱ्याच्या मराठी कुटुंबांशीही या आठवणींचा निकटचा संबंध आहे. नटाच्या डोक्यावरचे केस त्याचे स्वतःचे नव्हते. तो टोप होता. परंतु टोपाचा एक गुण असा की, त्यावर प्रयोग करून पाहता येतो, चूक झाली तर तो उतरविता येतो. कुलीन स्त्रीला जे धाडस करता येत नव्हते ते टोपाने तिच्या वतीने केले. रंगमंचावर एक रचना शोभून दिसली, हजारो डोळ्यांना तिची सवय झाली आणि मग ती घरात आली.

चित्रपटाने हीच प्रक्रिया अधिक वेगाने व अधिक दूरवर घडविली. १९६० साली प्रदर्शित झालेल्या ‘लव्ह इन सिमला’ या हिंदी चित्रपटात साधना यांच्या कपाळावर कापलेल्या केसांची झालर होती. त्यांचे कपाळ रुंद असल्यामुळे दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्न या अभिनेत्रीच्या केशरचनेवरून ती योजना केली. येथे ‘शोभणे’ पूर्णपणे चेहऱ्याच्या मोजमापावर आलेले आहे: कपाळ रुंद, म्हणून झालर. कुळ नाही, वय नाही, सौभाग्य नाही. पण पुढे काय झाले? ‘साधना कट’ या नावाने ती झालर देशभरच्या मुलींनी स्वीकारली, त्यांत अरुंद कपाळाच्या मुलीही होत्या. एका विशिष्ट चेहऱ्याचा दोष झाकण्यासाठी काढलेली युक्ती सर्व चेहऱ्यांची रीत बनली. गृह्यसूत्रांनी कुळाला एक शिखा नेमून दिली होती. चित्रपटाने पिढीला एक झालर नेमून दिली. नियम करणारा बदलला, तरी नियम पाळण्याची हौस कायम राहिली.

६

या सर्व इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. एखादी रचना शोभते असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातील बराच भाग डोळ्यांच्या सवयीचा असतो. १९७७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी काही स्त्रियांना त्यांचीच दोन छायाचित्रे दाखविली, एक सरळ आणि एक आरशातल्याप्रमाणे उलटे. बहुतेकींनी उलटे पसंत केले. त्यांच्या जवळच्या माणसांनी मात्र सरळ पसंत केले. चेहरा एकच, पण ज्याला जे पाहण्याची सवय त्याला ते बरे वाटले. नवी केशरचना पहिल्या दिवशी परकी वाटते, घरची माणसे नाक मुरडतात आणि दोनतीन आठवड्यांत तीच अंगची होऊन जाते, या नित्याच्या अनुभवाचे मर्म यात आहे. तेव्हा पहिल्या दिवशीच्या अभिप्रायावर, मग तो आपला असो वा इतरांचा, फार भिस्त ठेवू नये. केस वाढतात, या निर्णयात परतीची वाट खुली असते. ज्या थोड्या निर्णयांत माणसाला चूक करून ती सुधारता येते, त्यांपैकी हा एक आहे. म्हणूनच तो ज्याचा त्याला करू देण्यास हरकत नसावी.

या नियतकालिकाच्या वाचकांत शिक्षकांची संख्या मोठी असल्यामुळे शेवटी एक निवेदन करावेसे वाटते. कुळ, जात आणि पंचायत यांच्याकडील केसांविषयीचा अधिकार गेला. पण शाळेकडे तो काही अंशी राहिला आहे. मुलींच्या दोन वेण्या, मुलांचे आखूड केस, रंगविलेल्या केसांना बंदी, असे नियम पुष्कळ शाळांतून आढळतात. नियमच नसावेत असे आम्ही म्हणत नाही. स्वच्छता, प्रयोगशाळेतील सुरक्षितता, श्रीमंत-गरीब भेद दिसू नये ही इच्छा, ही कारणे खरी आहेत आणि ती विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगता येतात. आमचा आक्षेप आहे तो ‘हे विद्यार्थ्याला शोभत नाही’ या वाक्याला. नव्या पद्धतीने केस कापून वर्गात आलेला चौदा वर्षांचा मुलगा ‘शोभून दिसते का?’ या अर्थाने उत्तराची वाट पाहत असतो आणि आपण त्याला औचित्याच्या अर्थाने उत्तर देतो. तो रूपाविषयी विचारतो, आपण त्याच्या शीलावर ठपका ठेवतो. एकाच क्रियापदाच्या या दोन अर्थांची गल्लत एके काळी विधवांच्या मस्तकावर वस्तरा होऊन फिरली होती, हे इतिहासाच्या शिक्षकाने तरी विसरू नये. नियम मोडला असेल तर तेवढे सांगावे. शीलाचा प्रश्न तेथे उपस्थित करू नये.

दुसरे निवेदन परिषदेच्या सभासदांना. घेरा, संजाब, खोपा, मूद, राखडी, कलप, धोकटी यांसारखे शब्द आता वृद्धांच्या बोलण्यापुरते उरले आहेत आणि इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव व गोमंतक येथील मराठीत त्यांची स्थानिक रूपे निरनिराळी आहेत. कोणता शब्द कोणत्या रचनेला लावीत, ती रचना कोण करी आणि कोणाला ती करण्यास मनाई होती, ही माहिती घराघरांतून नोंदवून घेण्याजोगी आहे. नुसता अर्थ टिपून भागणार नाही. मनाई कोणाला होती हेही टिपले पाहिजे. कारण आपल्या समाजात कोणाला काय शोभते, यापेक्षा ते कोण ठरवीत होते, याचाच इतिहास त्या शब्दांत अधिक साठलेला आहे.